पाणी बेतानं

धायरीत धायटी,
म्हणताना जीभ अडखळते, लोक हसतात.
मीही हसले होते बी पहिल्यांदा तळहातावर घेतलं तेव्हा.
बी कसलं, तपकीर.
श्वास जरा जोरात सोडला असता
तर अख्खं झुडूप खिडकीतून गेलं असतं.

वेताळ टेकडीवरून आणलं, खाणीच्या कडेनं,
जिथं मुरूम उघडा पडलाय
आणि वृक्षारोपणवाले फोटोपुरतेही थांबत नाहीत.

पुरायचं नाही ते. मातीवर नुसतं भुरभुरायचं,
खिरीवर जायफळ किसावं तसं.
वरून पाणी नाही. कुंडी परातीत ठेवायची,
पिऊ दे खालून, हवं तेवढं.
हे कुणी सांगितलं नव्हतं मला.
पहिली दोन रोपं मी झारीनं मारली.
मायेनं, असं म्हणत होते;
इरण्णा माळी म्हणाला, माया कसली बाई,
टँकरचं पाणी आहे ते.

तिसरं लावलं कुंपणाच्या कोपऱ्यात.
खणताना निघालं बिल्डरचं सगळं:
फरशीचे तुकडे, दगड झालेलं सिमेंटचं पोतं,
एक चप्पल, डाव्या पायाची.
इरण्णानं चप्पल तेवढी काढली.
बाकी असू दे म्हणाला, हिला चालतं.

मग अक्काचा गुडघा. सोलापूर. ऐन मे.
शेजारच्या गौतमीला यादी देऊन गेले:
जास्वंद रोज, कुंदा एकाआड, ओव्याला ओंजळभर.
धायटी लिहायची राहून गेली.

त्रेचाळीस दिवसांनी आले.
जास्वंदीची पानं पिवळी, कुंदा जेमतेम,
ओवा गेलेला. गौतमी बिचारी रडायच्या बेतात.
आणि कोपऱ्यात ही,
दोन बोटं नवी पालवी, तांबूस,
माझ्याकडे ढुंकूनही न बघता.

खरं सांगते, मला रागच आला.

सेक्रेटरी पोंक्षे म्हणायचे, जंगली आहे, काढून टाकू,
तिथं बाक येईल छान.
मी म्हणायचे, बहर येऊन जाऊ दे.
तो आला चौथ्या फेब्रुवारीत. शेंड्याला नाही,
फांदीच्या अंगाला, पेरापेराशी,
लाल नळ्यांचे झुबके, जशी फांदीच आतून तापलेली.
एक शिंजीर उलटा लटकून पीत होता
आणि खाली पोंक्षे, मोबाईल वर धरून,
अरे थांब, अरे थांब ना.

बाकाचा विषय परत निघाला नाही.

माहेरचे आम्ही भावसार.
अण्णा रंगाचं पाणी जिभेला लावून बघायचे.
अजून तुरटी बोलतेय, म्हणायचे,
नाहीतर, झालं, आता गप्प आहे.
पुढे तयार रंगाचे डबे आले
आणि त्यांचं चाखणं थांबलं.
डब्यावर कवटी छापलेली असायची.

निम्मी फुलं शिंजिराला ठेवली,
निम्मी सावलीत वाळवली, जुन्या चादरीखाली.
मांजरानं दोनदा अंथरूण केलं त्यांचं.
उकळली. रुमाल आधी तुरटीत भिजवलेला,
ह्यांचा, कोपऱ्यात ‘अ’ विणलेला.
वाटलं होतं लाल येईल.
आला तो उतू गेलेल्या चहाचा, त्यात कुठंतरी
डाळिंबाची साल.
दुसऱ्या फडक्यात गंजका खिळा टाकला
तर ते भर संध्याकाळचं झालं, राखाडी,
काही न विचारता.

दार लोटून घेतलं, उगाचच,
आणि पळीतलं पाणी जिभेला लावलं.
तोंड आक्रसलं.
बोलत होती.

गॅस बंद केला. रुमाल तसाच ठेवला रात्रभर.

सकाळी पिळून निघालेलं पाऊण बादली पाणी घेऊन
खाली गेले, थेट तिच्यापाशी.
बादली तिरकीही केली होती.

मग जास्वंदीला घातलं.